तार तुटला!

आमच्या साडूभाऊंनी दुर्बीण घेतली आणि दोन घरांची शांतता गेली.

साडूभाऊ ठाण्याला घोडबंदर रोडवर एकोणिसाव्या मजल्यावर राहतात. खिडकीतून खाडी दिसते म्हणून बिल्डरनं त्यांना जादा दर लावला. खाडी दिसते हे खरं, पण खाडीला पलीकडचा काठही असतो, आणि त्या काठावर भिवंडी तालुका आहे. म्हणजे आम्ही. वीस वर्षं ज्या देखाव्याचे हप्ते भरायचे, त्यात निम्मी आमची गोदामं येतात. मी एकदा म्हणालोही, "साडूभाऊ, निम्मा हप्ता इकडे पाठवत जा." ते हसले नाहीत. गृहकर्जावरच्या विनोदाला कर्जदार सहसा हसत नाही.

तर दुर्बीण. तिच्यावर 8×42 असं लिहिलेलं होतं. आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर, हे त्यांनी मला तीनदा समजावलं. मी ती डोळ्यांना लावली तेव्हा मला माझ्याच पापण्या दिसल्या, आठपट.

"भिवंडीत काय दिसणार म्हणा," असं म्हणून त्यांनी ती काढून घेतली.

या वाक्याची आम्हाला सवय आहे. आमचं गाव म्हणजे यंत्रमाग, गोदामं आणि खड्डे, एवढंच लोकांना ठाऊक. मागांची खटखट पिढ्यान्‌पिढ्यांची. गोदामं त्यामानानं अलीकडची. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर आमच्या भातशेतांवर पत्रे ठोकले. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही गेली नाहीत; उलट वाढली. आज तुम्ही मोबाइलवरून मागवलेला मिक्सर तुमच्या घरी येण्याआधी आमच्याकडे मुक्काम करून येतो. मीही अशाच एका गोदामात हिशेब लिहितो. पक्ष्यांशी माझा व्यावसायिक संबंध इतकाच, की पत्र्याखालची कबुतरं मालावर जे करतात ते मला कुठल्या तरी खात्यात दाखवावं लागतं.

पक्षीनिरीक्षणाची आमची पहिली मोहीम गेल्या फेब्रुवारीतली. ठाणे खाडीला 2015 साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, 2022 साली ती रामसर स्थळांच्या यादीत गेली, आणि ऐरोलीच्या केंद्रातून बोटीनं रोहित बघायला नेतात, अशी सगळी माहिती साडूभाऊंच्या मुलीनं, म्हणजे आमच्या भाचीनं, दिली. ती प्राणिशास्त्र शिकते. बोट घड्याळावर चालत नाही, भरतीवर चालते, हेही तिनंच सांगितलं. मी म्हटलं, एवढंच ना? आमच्या आजोबांचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. बोटीची वेळ आधीच छापलेली होती आणि माझ्या हिशेबाशी जुळत होती, तेव्हा घरात पहिल्यांदाच मला कोणीतरी चहा विचारला.

आजोबांच्या ठोकताळ्यात काशेळीचा पूल मात्र धरलेला नव्हता. चंद्र कधी कुठे असेल हे हजार वर्षांपुढचं सांगता येतं. काशेळीच्या पुलावर पुढचा कंटेनर कधी हलेल हे त्याच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. आम्ही ऐरोलीला पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते. ओहोटी लागली होती, बोटी बांधलेल्या होत्या. फाटकाबाहेरच्या फलकावरचे रोहित पाहून आम्ही परतलो.

त्या फलकापाशी आमच्या मुकादमांनी विचारलेला प्रश्न मात्र सांगण्यासारखा आहे.

मुकादम आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं यंत्रमागावर. आधी कामगार, मग मुकादम, आता निवृत्त. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, त्यामुळे तिन्ही भाषा मोठ्यानं बोलतात. मोठ्यानं बोलण्याचं खरं कारण वेगळं आहे: मागांनी त्यांचे कान नेले. फलकावरच्या गुलाबी पक्ष्याकडे निरखून बघत त्यांनी भाचीला विचारलं, "रंग पक्का का कच्चा?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. भाचीनं मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. म्हणाली, "कच्चा. पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन पिसांना गुलाबी चढतो. पिंजऱ्यात ठेवून तसलं खाणं दिलं नाही, तर उतरतो."

"म्हणजे डाइंग आतून आहे," मुकादम म्हणाले आणि संतुष्ट झाले. त्या दिवशीची आमची एकूण ज्ञानप्राप्ती ही एवढीच.

दुसरी मोहीम नोव्हेंबरात ठरली. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात 2020पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आम्ही त्यातला शुक्रवार धरला, कारण आमच्याकडे मागांची सुट्टी शुक्रवारी. जागा भाचीनं निवडली: नागला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बोरिवली डोळ्यांपुढे येते, पण त्याचा एक तुकडा वसईच्या खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या अंगाला आहे. डोंगरातल्या रानातून पायवाट निघते आणि चालत गेलं की खाडीवरच्या तिवरांपाशी संपते. एकाच वाटेत रानातले पक्षीही आणि खाडीतलेही. "पायपीट आणि पक्षी, एका तिकिटात दोन," असं साडूभाऊ म्हणाले. ते आदल्या रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला आले. त्यांच्या घरून ते ठिकाण घोडबंदरमार्गे जवळ पडतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. ते त्यांच्या लक्षात खारबावच्या पुढे आलं.

अंजूरफाट्यावरून खारबाव, पायेगाव, कामण करत चिंचोटीला महामार्गाला लागायचं, असा आमचा रस्ता. तो कोणाच्या अखत्यारीत येतो हे मला माहीत नाही, आणि रस्ता बघितल्यावर आपण मालक आहोत असं कोणी कबूल करेलसं वाटतही नाही. मात्र या मुलखाला मोहिमांची जुनी परंपरा आहे. अंजूरचे गंगाजी नाईक इथलेच. वसईच्या फिरंग्यांविरुद्ध पेशव्यांनी उठावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. गाडी खड्ड्यात गेली की मी हा इतिहास सांगायचो, बाहेर आली की थांबायचो. कामण येईपर्यंत मोहीम फत्ते झाली होती.

वाटेच्या तोंडाशी भाचीनं नियम सांगितले. भडक कपडे नकोत. मुकादमांच्या अंगावर केशरी टी-शर्ट होता, पाठीवर सूत व्यापाऱ्याची जाहिरात. तो उलटा घालायला लावला. बोलणं हळू. हे मुकादमांना हळू सांगितल्यामुळे ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं सांगितल्यावर समोरच्या झाडावरचं जे काही होतं ते उडून गेलं.

"काय होतं?" साडूभाऊंनी विचारलं.

"होतं," भाची म्हणाली.

पहिला तासभर असाच गेला. भाची म्हणायची, "ते बघा, दहाच्या काट्याला, आडव्या फांदीवर." साडूभाऊ दुर्बीण लावायचे, फांदी शोधायचे, त्यांना फांदी सापडेपर्यंत पक्षी दुसरीकडे. मला फांद्याच फांद्या दिसत होत्या. रान इतकं फांद्यांनी भरलेलं असतं याची मला कल्पना नव्हती. खालून सातभाईंची टोळी पाचोळा उडवत कलकलाट करत गेली. ती दिसली, कारण ते स्वतःच दाखवत होते. घरगुती भांडण बघायला दुर्बीण लागत नाही.

नावं मात्र मला पाठ होऊ लागली. मराठीत पक्ष्यांची नावं म्हणजे एक अख्खी बाजारपेठ आहे. ठोकतो म्हणून सुतार. टुक्‌ टुक्‌ घण घालतो म्हणून तांबट. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. पाण्याकाठी शेपटी आपटतो तो परीट. सगळ्यांवर वचक ठेवून घारीच्याही मागे लागतो तो कोतवाल. आमच्या पूर्वजांनी रानात जाऊन निसर्ग वगैरे पाहिला नाही, धंदे पाहिले. मुकादमांनी विचारलं, "यात विणकर कोण?"

"सुगरण," भाची म्हणाली. "आणि नाव बाईचं असलं तरी विणतो तो नर. पावसाळ्यात गवताचे लांब धागे काढून अर्धं घरटं विणतो, मग माद्या तपासायला येतात. पसंत पडलं तरच पुढचं काम. नाही पडलं तर अर्धवट सोडून दुसरं."

मुकादम थांबले. पस्तीस वर्षांचा काळ त्यांच्या चेहऱ्यावरून सरकला. "म्हणजे व्यापारी माल बघायला येतो, डाग दाखवतो, ताका परत करतो. इकडे पण तेच."

"तेच," मी म्हटलं.

"पण याला सूत फुकट," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

पुढच्या वळणावर खरं प्रदर्शन होतं. दोन झाडांच्या मध्ये, माणसाच्या उंचीवर, हातभर रुंद जाळं, आणि मधोमध तळव्याएवढी कोळीण. रानातली ही मोठी कोळीण पावसानंतर या डोंगरांत सगळीकडे दिसते. तिच्या जाळ्याचे धागे उन्हात पिवळे, सोनेरी चमकत होते. शेजारी तांदळाएवढा एक प्राणी बसला होता. तो तिचा नवरा, हे भाचीनं सांगितलं तेव्हा साडूभाऊंनी विषय बदलला.

मुकादम मात्र तिथे वीस मिनिटं होते. खिशातून त्यांनी भिंग काढलं. कापडाच्या इंचात किती तारा आहेत ते मोजायचं असतं ना, ते. निवृत्त झाले तरी ते त्यांच्या खिशात असतं, जसा माझ्या कानावर पेन. केंद्रातून निघालेले आडवेउभे धागे म्हणजे ताणा, फेर धरून घातलेले म्हणजे बाणा, अशी त्यांनी वाटणी केली. एका बाजूला जाळं फाटलं होतं आणि कोळीण तेवढाच भाग पुन्हा विणत होती. "बीम न उतरवता सांधते," मुकादम म्हणाले. त्यांच्या तोंडून मी इतकी मोठी स्तुती कोणत्याही कारागिराची ऐकलेली नाही. त्याच भिंगानं त्यांनी वाटेत पडलेल्या एका पिसाचं रीड-पिकही, म्हणजे इंचातले उभेआडवे धागेही, बघायला घेतलं. भाचीनं पीस जिथून उचललं तिथे परत ठेवायला लावलं, उद्यानातलं काही उचलायचं नसतं म्हणून. त्यांनी ठेवलं, पण आधी मोजून घेतलं.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

समोर हिरव्या पानांची भिंत होती. दुर्बीण लावून साडूभाऊ, मोबाइल लावून भाची आणि चष्मा लावून मी, असे तिघे तिच्याकडे बघत होतो. कोणालाच काही दिसत नव्हतं. मुकादम मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दोन बोटं कात्रीसारखी मिटून दाखवली आणि समोर एका बिंदूकडे बोट केलं.

मागावरची खूण आहे ती. चालू कारखान्यात आवाज पोचत नाही, तेव्हा माणसं खुणांनी बोलतात. तार तुटला.

आम्ही त्या बिंदूकडे बघितलं. पानांमध्ये एक पान पान नव्हतं. त्याची पांढरी शेपटी खाली फितीसारखी लोंबत होती. स्वर्गीय नर्तक, पूर्ण वाढलेला नर. तो शेपटी उचलून तरंगत पलीकडच्या फांदीवर गेला आणि आमच्यापैकी कोणीही काही बोललं नाही. भिवंडीच्या माणसांच्या हातून हे क्वचित घडतं.

"तुम्हाला कसा दिसला?" साडूभाऊंनी शेवटी विचारलं. त्यांच्या आवाजात दुर्बिणीची किंमत होती.

मुकादमांना प्रश्नच कळला नाही. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलंय काय? समोर हजारो तारा, सगळ्या सारख्या, सगळ्या हलत्या, आणि आठ माग एकदम. त्यातली एक कुठे तुटली ते त्या क्षणी दिसलं पाहिजे, नाहीतर कापडात डाग जातो आणि पगारात खड्डा. तारेकडे बघायचंच नसतं, म्हणाले. सगळ्या मागाकडे नुसतं बघत राहायचं. जिथे बिघडतं तिथे डोळा आपोआप जातो.

भाचीनं हे वहीत लिहून घेतलं. तिच्या कॉलेजात हे कोणी सांगितलेलं नसावं.

त्यानंतर दुर्बीण मागे पडली आणि कात्री पुढे. मुकादम बोटं मिटायचे, आम्ही बघायचो: हळद्या, नाचण, दयाळ, एक सुतार. कान नसल्यामुळे ते आवाजानं फसत नव्हते. मी रानभर "टुक्‌ टुक्‌" ऐकून तांबट शोधत मान मोडून घेत होतो. तो दिसला नाहीच. खुणांमुळे आमची बडबडही बंद झाली. आम्ही चौघं रानातून हातवारे करत चाललो होतो. समोरून आलेल्या एका मुंबईकर जोडप्यानं आदरानं वाट दिली. आम्ही कुठल्या तरी पंथाचे वगैरे आहोत असं त्यांना वाटलं असावं.

वाट खाडीला संपली तेव्हा ओहोटी होती. तिवरांची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली, त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालतो, हे साडूभाऊंना अद्‌भुत वाटलं. मुकादमांना निवट्या कशा करतात ते आठवलं. वर ब्राह्मणी घार फिरत होती. साडूभाऊंनी दुर्बीण तिच्यावर लावली, मग हळूहळू खाली आणली, मग पूर्वेकडे वळवली, आणि बराच वेळ तिथेच ठेवली. लांब धुरकट टॉवरांची रांग होती.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही. आमची बिल्डिंग दिसते का बघतोय."

भाकरी, सुकटीची चटणी आणि पाणी, असं जेवण करून परत फिरलो. गाडीपाशी यादी झाली: 17 जाती. साडूभाऊंनी ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली. किती वाजता सुरुवात, किती वेळ, किती अंतर चाललात, सगळं तिथे लिहावं लागतं. त्यांनी अभिमानानं लिहिलं.

मग खारबावच्या अलीकडे आम्ही थांबलो. म्हणजे रस्त्यानं आम्हाला थांबवलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, उजवीकडे गोदामांची रांग, डावीकडे खाजण. चार वाजले, साडेचार वाजले. साडूभाऊ घोडबंदरच्या आठवणीनं व्याकूळ झाले होते. मी डोळे मिटायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुकादमांनी माझ्या नाकासमोर कात्री मिटली.

डावीकडे, उथळ पाण्यात, लाल काड्यांच्या पायांवर शेकाटे उभे होते. एक, दोन, मग तीसेक. मागे चिखलात शराटी. बांधावर राखी बगळा, सरकारी कचेरीत बसल्यासारखा. विजेच्या तारेवर खंड्या, पुढच्या तारेवर वेडे राघू, त्यांच्या मधोमध कोतवाल. गोदामाच्या पत्र्यावर परीट शेपटी आपटत होता. उत्तरेकडून इतक्या लांब येऊन त्यानं आमचाच पत्रा धरला. यात नवल काही नाही. 1857नंतर उत्तरेतले विणकर आले, मग तेलंगणातले, मग सगळीकडचे. भिवंडीत हिवाळ्याचा मुक्काम करायला कोणी ना कोणी येतंच असतं. गोदामाच्या कुंपणामागच्या ताडाला सुगरणींची जुनी घरटी लोंबत होती, त्यातली दोन अर्धवट. मुकादमांनी तिकडे बोट दाखवून मान हलवली. माल परत.

या रस्त्यानं मी अठरा वर्षं जातोय. याच जागी दररोज उभा असतो. मी इतकी वर्षं कुठे बघत होतो? समोरच्या ट्रकच्या पाठीवर. ती मला पाठ आहे.

खांद्यावर पाग टाकलेले एक आजोबा खाजणातून वर आले. चौघं माणसं गाडीच्या डाव्या खिडक्यांतून बाहेर लोंबताना बघून थांबले. "काय बगताव रं?"

भाचीनं सांगितलं, आणि आम्ही सकाळपासून कुठे जाऊन आलो तेही.

"यो बगाला इतक्या लांब गेल्ताव?" आजोबा म्हणाले. "आमचे खारीन रोज येतान." आणि कंटेनरांच्या फटीतून पलीकडे गेले.

वाहतूक सुटली तेव्हा अंधारत आलं होतं. साडूभाऊंनी मोबाइलच्या उजेडात यादी मोजली: 23. रानातल्यापेक्षा सहा जास्त. त्यांनी ई-बर्ड उघडलं, नावं भरली, आकडे भरले आणि अडकले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे विचारतंय, निरीक्षण एका जागी थांबून केलं की प्रवास करत?"

गाडीत विचारविनिमय झाला. वेळ 1 तास 20 मिनिटं. अंतर मी हिशेबानं काढलं, गोदामाच्या गेट नंबर चारपासून गेट नंबर सहापर्यंत, सव्वादोनशे मीटर.

"प्रवास लिहा, बाबा," भाची म्हणाली. "हललो होतो ना."

"याला प्रवास म्हणायचं?" साडूभाऊ म्हणाले. त्यांचा अंगठा स्क्रीनवर तसाच थांबलेला. मागच्या कंटेनरनं हॉर्न दिला. मुकादमांनी, ज्यांना तो ऐकू आला नव्हता, खिडकीबाहेर बघता बघता पुन्हा दोन बोटं मिटली, आणि मी गाडी बंद केली.